संयुक्त संशोधनाचा दुसरा हप्ता आणि हुकलेली ऑक्टोबर छाटणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नोव्हेंबरमध्ये तिची रीतसर सुरुवातही झाली. तेव्हापासून चर्चा आकड्याभोवतीच फिरते आहे. देशाचा संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, इस्रायलचा सहा टक्क्यांच्या आसपास आहे, ही तुलनाही वारंवार वाचायला मिळते. आकडा महत्त्वाचा आहेच. पण परदेशी भागीदाराबरोबर संशोधन करणाऱ्या लहान कारखान्यांचे प्रकल्प कुठे अडतात हे जवळून पाहिले, तर रक्कम कमी पडली म्हणून बुडालेले प्रकल्प थोडे दिसतात. बहुतेकांचे गाडे सरकारी अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्यापाशी अडते. त्याविषयी सविस्तर लिहायचे आहे.

आधी अशा संयुक्त संशोधनाच्या योजनांची घडण थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी मोठा गैरसमज आहे. ‘परदेशी सरकार आपल्याला पैसे देणार’ असे समजून अनेक उद्योजक येतात. तसे नसते. दोन देश मिळून अर्ज मागवतात. अर्ज एकच असतो, पण अंदाजपत्रके दोन असतात. भारतीय कंपनीला भारत सरकार पैसे देते, परदेशी कंपनीला तिचे सरकार देते. एका देशाचे अनुदान दुसऱ्या देशात जात नाही. दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी ‘हो’ म्हटले तरच प्रकल्प मंजूर होतो. एकीकडचा ‘नाही’ पुरतो.

दोन देशांनी मिळून उद्योगांच्या संशोधनाला पैसे देण्याची ही कल्पना जुनी आहे. अमेरिका आणि इस्रायल यांनी १९७७ मध्ये बर्ड फाउंडेशन उभारले तेव्हापासून ती चालत आली आहे. युरोपात १९८५ मध्ये युरेका हा संयुक्त संशोधनाचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये पंतप्रधानांच्या इस्रायल भेटीत भारत-इस्रायल औद्योगिक संशोधन निधीचा करार झाला. प्रत्येक देशाने वर्षाला ४० लाख डॉलर, पाच वर्षे, म्हणजे एकूण ४ कोटी डॉलर असे त्याचे स्वरूप होते. तिकडून इस्रायल इनोव्हेशन ऑथॉरिटी आणि इकडून जीआयटीए ही संस्था काम पाहत होती. जीआयटीए म्हणजे केंद्र सरकारचे तंत्रज्ञान विकास मंडळ आणि भारतीय उद्योग महासंघ यांनी मिळून उभी केलेली संस्था. पुढे मंडळानेच थेट अर्ज मागवायला सुरुवात केली. स्पेन, स्वीडन, दक्षिण कोरिया यांच्याबरोबरही असे कार्यक्रम झाले. जर्मनीबरोबरचे इंडो-जर्मन विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र २०१० पासून आहे. तिथे दोन्ही देशांतून एक कंपनी आणि एक संशोधन संस्था, असे चार जण लागतात. पुण्याच्या परिसरातल्या कारखान्यांना ही शेवटची रचना जास्त परिचयाची आहे.

आता एक प्रकल्प डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातले खर्च आणि अडचणी रोजच्या आहेत. समजा, भोसरीतली एक कंपनी ठिबकसाठी व्हॉल्व्ह बनवते. इस्रायलमधली एक कंपनी मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर बनवते. दोघांनी मिळून द्राक्षबागेसाठी सेन्सर बसवलेला, आपोआप उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह करायचा आहे. व्हॉल्व्हची बॉडी, तिचा मोल्ड (साचा), दाबाची चाचणी आणि नाशिक भागातल्या बागांमधल्या चाचण्या हे भारतीय कंपनीचे काम. सेन्सर, सर्किट आणि सॉफ्टवेअर हे तिकडचे काम. मुदत २४ महिने.

भारतीय बाजूचे अंदाजपत्रक २ कोटींचे धरू. पाच इंजिनीअर, सरासरी ५५ हजार पगार, म्हणजे महिन्याला २ लाख ७५ हजार आणि २४ महिन्यांचे ६६ लाख. चाचणीची यंत्रे ५० लाख. मोल्ड, नायलॉन, सुटे भाग ४० लाख. शेतातल्या चाचण्या २० लाख, प्रवास १४ लाख, किरकोळ १० लाख. सरकार निम्मे, म्हणजे १ कोटी देणार. निम्मे कंपनीने घालायचे. अनुदानाचे चार हप्ते आहेत असे समजा: ३०, ३०, ३० आणि शेवटी १० लाख.

पहिला हप्ता करार झाल्यावर येतो. त्यात कंपनीचे ३० लाख मिळवून ६० लाखांचे काम होते. मोल्ड टाकला जातो. काच-मिश्रित नायलॉनचा माल थंड होताना प्रवाहाच्या दिशेने कमी आणि आडव्या दिशेने जास्त आकसतो. त्यामुळे पहिल्या ट्रायलला बॉडी वाकडी निघणे नेहमीचेच. प्लास्टिक साच्यात शिरते त्या गेटची जागा बदलावी लागते, थंड पाण्याची वाट बदलावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या ट्रायलला माप येते. या कामाला चार महिने धरायचे. इथपर्यंत सगळे सुरळीत चालते.

मग दुसऱ्या हप्त्याची मागणी जाते. तिच्याबरोबर प्रगती अहवाल, सीएच्या सहीचा खर्चाचा तक्ता आणि सामान्य वित्तीय नियमांच्या (जीएफआर) १२-अ नमुन्यातले उपयोगिता प्रमाणपत्र जोडायचे. ते तपासले जाते. शंका निघतात. आढावा समितीची बैठक ठरते, तज्ज्ञांच्या तारखा जुळत नाहीत. मार्च जवळ असेल तर त्या वर्षाची तरतूद संपलेली असते आणि नव्या वर्षाची अजून खाली उतरलेली नसते. १९८६ च्या कायद्याने तंत्रज्ञान आयातीवर बसवलेला ५ टक्के उपकर हा तंत्रज्ञान विकास मंडळाच्या पैशाचा मूळ आधार होता. तो १ एप्रिल २०१७ पासून रद्द झाला. त्यानंतर सगळी भिस्त दर वर्षीच्या अर्थसंकल्पावर आली. जुलैत अपेक्षित असलेला हप्ता डिसेंबरात येण्यामागे अनेकदा कोणाचाही वाईट हेतू नसतो. कामाची साखळीच तेवढी लांब आहे.

पण द्राक्षबाग कोणासाठी थांबत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. सेन्सरची खरी परीक्षा गोडी छाटणीपासून मणी भरेपर्यंतच्या पाण्यात असते. नवे कोंब फुटतानाच्या पोंगा अवस्थेत किती पाणी, फुलोऱ्यात किती, मणी तडकू नयेत म्हणून कधी कमी करायचे, ही नोंद त्या चार-साडेचार महिन्यांतच घेता येते. ऑक्टोबरला दीडशे व्हॉल्व्ह बागेत बसले नाहीत, तर पुढचा ऑक्टोबर गाठावा लागतो. हप्ता पाच महिने उशिरा आला, पण प्रकल्प बारा महिने मागे गेला. हा गुणाकार कोणत्याही आढावा अहवालात दिसत नाही. तिथे ‘विलंब : ५ महिने’ एवढेच लिहिलेले असते.

तिकडच्या भागीदाराचे घड्याळ मात्र चालूच असते. त्याला त्याच्या सरकारकडून पैसे मिळाले, त्याचे सर्किट बोर्ड तयार झाले, त्याच्या इंजिनीअरांना तो पगार देतो आहे. आपल्याकडून चाचणीची नोंद येत नाही. वर्षभराने तो त्याच्या सरकारला कळवतो की आमचा भाग पूर्ण झाला, आणि त्याची फाइल बंद होते. मुदतवाढ मिळते, पण ती दोन्ही देशांनी एकाच वेळी द्यावी लागते. तिकडची फाइल एकदा बंद झाली की इकडच्या मुदतवाढीला अर्थ उरत नाही.

‘तोपर्यंत बँकेतून काढून काम चालवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहू. पाच महिन्यांचे पगार १३ लाख ७५ हजार. दीडशे संच, प्रत्येकी ६ हजार, म्हणजे ९ लाख. प्रवास आणि मोल्डची दुरुस्ती धरून २५ लाख. यावरचे व्याज लाखभर रुपये होईल, ते कंपनी सोसेल. अडचण वेगळीच आहे. अशा कंपनीची कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेच्या फिरत्या कर्जाची, मर्यादा ६० लाख धरली, तर तिच्यातले २५ लाख संशोधनात अडकतात. बँक पैसे काढण्याची मर्यादा ठरवते ती शिल्लक माल आणि ग्राहकांकडून येणे पाहून. सरकारकडून यायचे अनुदान ती त्यात धरत नाही. मग नेहमीच्या ऑर्डरीसाठी प्लास्टिकचा दाणा घ्यायला पैसे उरत नाहीत. मालकाला निवड करावी लागते, आणि तो चालू ऑर्डरच निवडतो. त्याने तीच निवडावी. त्याच्याकडे चाळीस माणसांचा पगार आहे.

त्यात आणखी एक कोंडी आहे. मोल्ड करून देणारा टूलरूमवाला स्वतः लघुउद्योजक असतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार त्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास आयकरात तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरला जातो. हा नियम चांगला आहे, तो राहावा. पण ज्या सरकारने खरेदीदाराला ४५ दिवसांचे बंधन घातले, त्याच सरकारच्या अनुदानाच्या हप्त्याला दिवसांची कसलीही मर्यादा नाही. आमचे सगळे म्हणणे या एका वाक्यात येते.

आता उद्योजकांच्या बाजूचेही स्पष्ट लिहायला हवे. सगळा उशीर सरकारी टेबलावर होत नाही. निम्म्या शंका अशा असतात की त्या टाळता आल्या असत्या. मंजुरीच्या तारखेआधीचे बिल जोडलेले असते. ते बादच होते, मग यंत्र कितीही उपयोगाचे असो. मालकाचा स्वतःचा वेळ, आधीपासून असलेले यंत्र, शेडचे भाडे हे ‘आमचा वाटा’ म्हणून दाखवलेले असते. बहुतेक योजनांत ते चालत नाही. भागीदार कंपनीकडूनच सुटे भाग विकत घेऊन त्याचे बिल लावलेले असते. तेही सहसा मान्य होत नाही, कारण दोघांना आपापल्या सरकारकडून पैसे मिळतच आहेत.

मोल्डचा खर्च कोणत्या शीर्षकाखाली, हा तर कायमचा वाद. मोल्ड ‘यंत्रसामग्री’त दाखवायचा की ‘साहित्या’त? अर्जात एकीकडे आणि खर्चात दुसरीकडे दाखवला की लेखापरीक्षक आक्षेप घेतोच. एका शीर्षकातून दुसऱ्यात पैसे वळवायला लेखी परवानगी लागते आणि ती यायला पुन्हा दोन महिने. म्हणून अर्ज लिहितानाच ‘मोल्ड, जिग व फिक्स्चर’ अशी स्वतंत्र ओळ घालावी आणि मंजुरीपत्रात ती तशीच आली आहे ना ते बघावे.

जीएसटीचेही तसेच. ९ लाखांच्या मोल्डवर १८ टक्क्यांनी १ लाख ६२ हजार कर लागतो. कंपनी तो इनपुट क्रेडिटमध्ये घेते, म्हणजे पुढे भरायच्या करातून वजा करते. तरीही खर्चाच्या तक्त्यात १० लाख ६२ हजार लिहिले जातात, कारण बिलावर तोच आकडा असतो. एकाच रकमेचा लाभ दोनदा घेतल्याचा आक्षेप येतो आणि संपूर्ण उपयोगिता प्रमाणपत्र परत येते. तक्त्यात करपूर्व रक्कम लिहावी आणि खाली ‘इनपुट क्रेडिट घेतले आहे’ अशी टीप सीएकडून घालून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, दोन महिने वाचतात.

अनुदानाचे बँक खाते वेगळेच हवे. चालू खात्यात पैसे मिसळले की नंतर कोणाला काही सिद्ध करता येत नाही. त्या पैशावर व्याज मिळाले तर ते कंपनीचे नव्हे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ते भारताच्या संचित निधीत भरायचे असते. भारतकोश पोर्टलवरून भरता येते. त्याची पावती पुढच्या मागणीला जोडावी. इंजिनीअरांच्या वेळेची नोंद महिन्याच्या महिन्याला सह्या करून ठेवावी. वर्षाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनने भरलेल्या बारा महिन्यांच्या वेळपत्रिका तपासणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

आयकराचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडा विस्ताराने मांडतो. सरकारी अनुदान २०१५ च्या दुरुस्तीपासून उत्पन्नात धरले जाते. यंत्रासाठी मिळालेला भाग यंत्राच्या किमतीतून वजा होतो, तो वेगळा. पण पगार, साहित्य, प्रवास यांसाठी मिळालेला भाग हातात पडल्यानंतर तो उत्पन्न म्हणून दाखवणे पुढे ढकलता येत नाही. समजा, पगार आणि साहित्यासाठीचे ३० लाख २५ मार्चला खात्यात आले आणि खर्च एप्रिलपासून सुरू झाला. ज्या कंपनीने २२ टक्क्यांचा दर निवडला आहे, तिला अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के कर बसतो. म्हणजे साडेसात लाखांच्या आसपास कर आधी भरायचा आणि वजावट पुढच्या वर्षी घ्यायची. तीस लाखांचे प्रत्यक्षात साडेबावीसच हातात उरतात, आणि मंजूर काम मात्र तीसचे करून दाखवायचे. आर्थिक वर्ष संपता संपता तरतूद खर्ची टाकण्याची घाई सरकारी बाजूला असते, म्हणून हप्ते नेमके मार्चमध्येच पडतात. शक्य असेल तिथे पहिला हप्ता यंत्रखरेदीशी जोडून घ्यावा, पगाराचा भाग दुसऱ्यात ठेवावा.

परदेशी भागीदार असला की तीन कायदे आडवे येतात, आणि तिन्ही सुरुवातीलाच पाहायचे असतात.

पहिला पेटंटचा. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाने केलेल्या शोधाचा अर्ज थेट परदेशात करता येत नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे किंवा नमुना २५ भरून परवानगी घ्यायची. ही परवानगी साधारण २१ दिवसांत मिळते. संयुक्त प्रकल्पात घडते असे की तिकडचा भागीदार तत्पर असतो, तो भारतीय कंपनीच्या इंजिनीअरचे नाव सहसंशोधक म्हणून घालून तिकडे अर्ज टाकून मोकळा होतो. आपल्याकडे तो विषय कोणाच्या लक्षातही नसतो. पुढे भारतात अर्ज केला की तो सोडून दिल्यासारखा मानला जाण्याचा धोका असतो, शिवाय कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. करारातच एक वाक्य घालावे: कोणत्याही देशात अर्ज करण्यापूर्वी दोघांनी एकमेकांना किमान ३० दिवस आधी कळवायचे.

दुसरा निर्यात नियंत्रणाचा. स्कोमेट यादीत, म्हणजे ज्यांच्या निर्यातीला सरकारी परवानगी लागते त्या वस्तू व तंत्रज्ञानाच्या यादीत, क्षेपणास्त्रांचेच भाग असतात असे समजू नये. पाच अक्षांवर एकाच वेळी चालणारी काही मशिन, काही प्रकारचे कार्बन फायबर, काही इन्फ्रारेड कॅमेरे आणि त्यांचे तंत्रज्ञानही त्यात येते. वस्तू पाठवली नाही, नुसते ड्रॉइंग ईमेलने पाठवले, तरी ती निर्यात ठरू शकते. ठिबकच्या व्हॉल्व्हला याचा त्रास होणार नाही. पण ड्रोन, सेन्सर, मशिन टूल या क्षेत्रांतल्या कंपन्यांनी भागीदाराला पहिली फाइल पाठवण्याआधी यादी तपासून तसा कागद फाइलला लावावा.

तिसरा सीमाशुल्काचा, आणि इथे एका छोट्या गोष्टीने मोठे काम होते. प्रोटोटाइपवर नंबर नसतो. तिकडे चाचणीला पाठवलेला व्हॉल्व्ह परत आला की तोच तो, हे अधिकाऱ्याला पटवायचे कसे? नंबर नाही, फोटो नाही, शिपिंग बिलात नुसते ‘प्लास्टिक पार्ट्स’. मग आपलीच वस्तू परत घ्यायला शुल्क भरा किंवा गोदामात पडू द्या. म्हणून पाठवण्याआधी प्रत्येक नगावर लेझरने नंबर कोरावा, फोटो काढावेत, शिपिंग बिलात ते नंबर लिहावेत आणि ‘विक्रीसाठी नाही, चाचणीनंतर परत येणार’ असे स्पष्ट लिहावे. भागीदाराचे सामान शुल्क भरून इकडे आणले आणि पुन्हा परत पाठवले, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७४ खाली परतावा मिळतो. न वापरलेल्या वस्तूवर ९८ टक्के. वापरलेल्यावर महिन्यांप्रमाणे कमी होत जातो आणि १८ महिन्यांच्या वापरानंतर काहीच मिळत नाही. चाचणी लांबली की हाही पैसा जातो. पुन्हा मूळ त्या हप्त्याच्या उशिरातच.

करारनाम्याबद्दल एक-दोन गोष्टी. ‘बौद्धिक संपदा दोघांची समान’ एवढे लिहून सही करण्याची आपल्याकडे सवय आहे. ते पुरत नाही. प्रकल्पाआधी कोणाकडे काय होते त्याची यादी परिशिष्टात हवी: ड्रॉइंगचे क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, पेटंट अर्जाचे क्रमांक. नाहीतर वर्षभराने प्रत्येक चांगली कल्पना ‘आमच्याकडे आधीपासूनच होती’ असे दोघेही म्हणतात. मोल्ड कोणाच्या मालकीचा, कोणत्या देशात कोण विकणार, एकाने मध्येच सोडले तर दुसऱ्याला काम पुढे नेता येईल का, हेही लिहावे. इस्रायलच्या बाबतीत एक खास गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या १९८४ च्या औद्योगिक संशोधन कायद्यानुसार सरकारी पैशातून तयार झालेले ज्ञान देशाबाहेर द्यायला आणि त्यावरचे उत्पादन बाहेर न्यायला बंधने आहेत. ‘पुढे सेन्सरही भोसरीत बनवू’ असे भागीदार तोंडी म्हणाला, तरी त्याला त्याच्या सरकारची परवानगी लागू शकते. हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारावा.

मोठ्या कंपनीकडे या सगळ्याला दुसरा मार्ग असतो. जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला आणि २०१२ मध्ये उरलेलाही घेतला. ज्ञान घरात आणण्याचा तो सरळ रस्ता. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोलीतल्या दहा-वीस कोटींच्या उलाढालीच्या कारखान्याला तो उपलब्ध नाही. त्याच्यासाठी संयुक्त निधी हाच रस्ता आहे, आणि म्हणून तो नीट असायला हवा.

इथे नव्या एक लाख कोटींच्या योजनेकडे वळतो. ती दीर्घ मुदतीच्या, कमी किंवा शून्य व्याजाच्या कर्जावर आणि भागभांडवलावर उभी आहे. अनुदान तिच्यात नाही. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या, म्हणजे तंत्रज्ञान-सज्जतेच्या चौथ्या पायरीपासून पुढच्या कामाला ती पैसे देते. मोठ्या उद्योगांसाठी आणि निधी उभारणाऱ्या नवउद्योगांसाठी हे योग्य आहे. लहान कारखान्याच्या संयुक्त संशोधनाला कर्ज मात्र मानवत नाही. कारण यश दोघांवर अवलंबून असते आणि कर्ज एकावरच. भागीदाराच्या चिपमध्ये दोष निघाला, तरी भोसरीच्या मालकाला हप्ता भरावाच लागणार, मग ते व्याज शून्य का असेना.

बर्डने हा प्रश्न फार समंजसपणे सोडवला आहे. अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत पैसे दिले जातात. माल विकला गेला तर विक्रीच्या ५ टक्क्यांप्रमाणे परतफेड. लवकर फेडले तर मिळाले तेवढेच, उशीर केला तर वाढत वाढत जास्तीत जास्त दीडपट. विक्रीच झाली नाही तर काही परत मागितले जात नाही. यात सरकारला यशाचा वाटा मिळतो आणि प्रामाणिक अपयशाने कोणी उद्ध्वस्त होत नाही. आपल्या द्विपक्षीय कार्यक्रमांतही सशर्त अनुदानाची कल्पना आलेली आहे. नव्या योजनेच्या झगमगाटात ती मागे पडू नये, एवढी काळजी वाटते.

युरोपच्या युरोस्टार्स कार्यक्रमातूनही घेण्यासारखे आहे. तिथे प्रकल्पाचे नेतृत्व लहान किंवा मध्यम कंपनीनेच करायचे असते. एका देशाचा किंवा एका भागीदाराचा वाटा ७० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. काम ३६ महिन्यांत संपवायचे आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत माल बाजारात आणायचा. वर्षातून दोनदा, ठरलेल्या महिन्यांत अर्ज. उद्योजकाला पुढच्या वर्षाचे नियोजन आजच करता येते. आपल्याकडे जाहिरात कधी येईल याचा अंदाज बांधत बसावे लागते, आणि आली की सहा आठवड्यांत परदेशातला भागीदार शोधायचा, त्याच्याशी करार करायचा आणि दोनशे पानांचा अर्ज भरायचा. घाईत जुळवलेली जोडी पहिल्या अडचणीला सुटते.

आणखी एक दार अकारण बंद आहे. बहुतेक योजना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच अर्ज करू देतात. भागीदारी पेढ्या आणि एकल मालकीचे कारखाने बाहेर राहतात. आपल्या औद्योगिक वसाहतींत उत्तम डाय करणारी, वर्षानुवर्षे मायक्रॉनमध्ये काम करणारी कितीतरी युनिट अशीच आहेत. त्यांना निदान दुय्यम भागीदार म्हणून घेता यावे आणि त्यांचा खर्च थेट मान्य व्हावा.

मागण्या आमच्या मोजक्या आहेत. जाहिरातीतच हप्त्यांचे दिवस छापावेत: पूर्ण कागद मिळाल्यापासून ४५ दिवसांत पैसे किंवा लेखी शंका, आणि शंका एकदाच, एकत्र. दुसरा हप्ता समितीच्या बैठकीवर न ठेवता सीएच्या प्रमाणपत्रावर द्यावा. समितीने तिसऱ्याच्या आधी यावे, आणि कार्यालयात नव्हे तर कारखान्यात यावे. मोल्डसमोर उभे राहिले की दहा मिनिटांत जे कळते ते सादरीकरणाच्या चाळीस स्लाइडमधून कळत नाही. ज्या प्रकल्पाला पिकाचा हंगाम लागतो, त्याच्या मंजुरीपत्रावर हंगामाची तारीख लिहिलेली असावी आणि हप्ता त्या तारखेच्या ६० दिवस आधी पडावा.

राज्य शासनालाही इथे करण्यासारखे आहे. केंद्राने मंजूर केलेला पण हाती न आलेला हप्ता तारण मानून सहा महिन्यांसाठी ७५ टक्के रक्कम देणारी छोटी सोय उभी केली, तर फारसा पैसा लागणार नाही. वरच्या उदाहरणात ती रक्कम साडेबावीस लाख होते. हप्ता आला की तो थेट त्या खात्यात वळता करता येईल. बँकांनीही मंजुरीपत्राच्या आधारे अनुदानाचे येणे पैसे काढण्याच्या मर्यादेत अंशतः धरावे. त्यासाठी नव्या कायद्याची गरज दिसत नाही.

संयुक्त प्रकल्पांसाठी पुढची जाहिरात कोणत्याही देशाबरोबर निघो, तिच्यात दोन्ही देशांच्या हप्त्यांच्या तारखा शेजारी शेजारी, एकाच तक्त्यात छापलेल्या असाव्यात. द्राक्षाची गोडी छाटणी दर वर्षी ऑक्टोबरातच होते. तक्ता तिच्यापासून मागे मोजत तयार करता येतो.

आपले,
लघुउद्योगांच्या संयुक्त संशोधन प्रकल्पांचे तांत्रिक व आर्थिक काम पाहणारे काही सल्लागार,
पिंपरी-चिंचवड